उतारा कुठे कुठे लिहिलाय? जुन्या सॉफ्टवेअरमध्ये नेमक्या फायली आणि कागद कसे शोधता?

काटापावती (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात राहतो. चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्याचं ऊसबिलाचं सॉफ्टवेअर गेली पाच वर्षं सांभाळतोय. मूळ मी लिहिलेलं नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेतलं आहे, २००४ च्या सुमाराला सुरू झालेलं, माझ्याआधी तिघांनी त्यात हात घातलाय. त्यातल्या दोघांशी आज संपर्क नाही. एकूण ११४० फायली. 'बिल', 'बिलनवीन', 'बिलनवीन२', 'बिलफायनल' ही नावं बघितली की पोटात गोळा येतो.

एक प्रसंग सांगतो, मग प्रश्न विचारतो.

२०२१-२२ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, होती क्विंटलला २९० रुपये, १० टक्के मूळ उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं टक्केवारीतलं प्रमाण). २०२२-२३ ला ती झाली ३०५ रुपये आणि मूळ उतारा झाला १०.२५ टक्के. त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.०५ रुपये वाढीव. म्हणजे त्या वर्षी नुसता दर बदलला नव्हता, पायाही बदलला होता. मी दर काढणारी फाईल शोधली, २९० चे ३०५ केले, १० चे १०.२५ केले, पाच शेतकऱ्यांची बिलं हातानं ताडून बघितली. बरोबर आली. काम झालं असं समजलो.

पंधरवड्यानं एक शेतकरी काउंटरवर आले. एका हातात बिलाची पावती, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. ऊस ४२ टन. बँकेत जमा झालेल्या रकमेपेक्षा पावतीवरची रक्कम ३२०२ रुपये ५० पैशांनी जास्त. क्लार्कनं तीनदा आकडेमोड केली, मग मला फोन लावला. मी गेलो तोवर ते तिथेच बाकावर बसून होते. मला म्हणाले, "जास्तीचं नको बघा मला. खरं कुठलं तेवढं सांगा."

३२०२.५० भागिले ४२ म्हणजे ७६.२५, हे दिसताच कारण कळलं. मूळ उताऱ्यात पाव टक्क्याचा फरक, म्हणजे अडीच गुणिले ३.०५, क्विंटलला ७ रुपये ६२.५ पैसे, टनाला ७६.२५. पावतीचा रिपोर्ट दर काढायच्या फाईलला विचारतच नव्हता. तो स्वतःच्या पोटात स्वतःचं सूत्र घेऊन बसला होता. ३०५ त्याला टेबलातून मिळाले, पण १० हा आकडा सूत्रातच लिहिलेला. बँकेची यादी बरोबर होती, पावती चुकली होती. गाळप चालू असताना चारशेच्या वर पावत्या परत छापून गट ऑफिसांतून बदलून दिल्या. पैसे कुणाचे बुडाले नाहीत, पण त्या आठवड्यात आमच्या पावतीवरचा लोकांचा विश्वास हलला. ते अजून मनातून जात नाही.

आता प्रश्न. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्क्यांनी व्याज द्यावं लागतं. येत्या हंगामाआधी हा व्याजाचा हिशेब तपासून द्या असं कारखान्यानं सांगितलंय. मला परत तशी चूक करायची नाही. एखादी गोष्ट बदलायची तर ती कुठे कुठे लिहिलीय, हे तुम्ही कसं शोधता? आणि ती तशी का लिहिली याचे कागद?

निपाणी_ते_बेंगळूर

मी फॉक्सप्रोवर सहा वर्षं काढलीत म्हणून आधी तांत्रिक सांगतो. तुम्ही .पीआरजी फायलींत शोधलंत ना? त्या साध्या मजकुराच्या असतात, कुठल्याही एडिटरला सापडतात. पण फॉर्मवरच्या बटणामागचा कोड .एससीएक्स आणि .एससीटी या जोडीत असतो, रिपोर्टचं सूत्र .एफआरएक्स आणि .एफआरटी मध्ये. साध्या शोधाला तिथलं धड सापडत नाही.

पण गंमत अशी की या सगळ्या मुळात टेबलंच आहेत. कमांड विंडोत 'यूज' म्हणून .एफआरएक्स फाईल उघडा, 'एक्स्प्र' नावाच्या मेमो रकान्यात रिपोर्टमधलं प्रत्येक सूत्र ओळीनं दिसेल. फॉर्म उघडलात तर 'मेथड्स' रकान्यात बटणांचा कोड. प्रोजेक्टची .पीजेएक्स फाईलसुद्धा टेबलच, तिच्यात एक्झेमध्ये, म्हणजे चालणाऱ्या तयार प्रोग्रॅममध्ये, कुठल्या फायली जातात त्याची यादी असते. सगळ्यात आधी तीच यादी काढा. तुमच्या ११४० पैकी निम्म्या फायली मेलेल्या असतील. फक्त एक सांभाळा, एक्झेच्या बाहेर ठेवलेले रिपोर्ट नाव देऊन थेट बोलावलेले असू शकतात, ते यादीत नसले तरी जिवंत असतात. आवृत्ती ८ पासून मेन्यूत 'कोड रेफरन्सेस' नावाचं साधनही आहे, ते फॉर्म आणि रिपोर्टच्या आतही शोधतं.

काटापावती

पीजेएक्सची यादी काढली. ११४० पैकी ३९७ फायली प्रोजेक्टमध्ये, शिवाय बाहेरून बोलावलेले २६ रिपोर्ट. 'बिलफायनल' कुठेच नाही. 'बिलनवीन' जिवंत आहे. इतकी वर्षं मी भलतीच फाईल आधी उघडत होतो. मनापासून आभार.

पण पुढे अडलोय. शोधायचं साधन मिळालं, शोधायचा शब्द कुठला? 'रिकव्हरी' टाकलं तर ९ ठिकाणं आली, आणि त्यात पावतीचा रिपोर्ट नव्हताच.

शहापूर_माग

दादा, तुमची खरी अडचण हीच आहे. मी विणकरांच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर बघते, तिथे तर तीन भाषा एका फायलीत नांदतात. आपल्याकडे कोड लिहिणारा घरी मराठी बोलतो, बाजारात कानडी, आणि शिकलेला असतो इंग्रजीत. मग हप्त्याला एक जण रोमन लिपीत 'हप्ता' लिहितो, दुसरा कानडीतला 'कंतु', तिसरा 'इन्स्टॉलमेंट'चं तोडून 'इन्स्ट'. तुमच्याकडे उतारा आहे, कानडीत 'इळुवरी' म्हणतात. वजनाला 'तूक'. ऊस म्हणजे 'कब्बु'. हे सगळे शब्द टाकून बघितलेत का? फॉक्सप्रोच्या साध्या टेबलात रकान्याचं नाव १० अक्षरांच्या वर जात नाही, म्हणून तोडलेली रूपंही बघा.

मी आता एक वही ठेवलीय. डावीकडे आमच्या काउंटरवर लोक जो शब्द बोलतात तो, उजवीकडे तो कोडमध्ये कुठल्या कुठल्या वेशात सापडला ते. 'हप्ता' समोर आजपर्यंत अकरा नोंदी झाल्यात. नवीन मुलगी कामाला आली तेव्हा मी तिला कोड दाखवायच्या आधी ती वही दिली.

मराठी मजकुराचं आणखी वेगळं. युनिकोडच्या आधीचे रिपोर्ट जुन्या फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर 'खाते' दिसतं, पण फायलीत त्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिडा असतो. आपण युनिकोडात 'खाते' टाइप करून शोधलं तर जन्मात सापडणार नाही. त्याला उपाय एकच, त्याच फॉन्टमध्ये तो शब्द टाइप करायचा, मग कॉपी करून तो गिचमिडाच शोधायचा.

आणि युनिकोड आलं म्हणून सुटलो असंही नाही. 'दुसऱ्या हप्त्याची रक्कम' हे लेबल बदलायचं होतं, शोधात तीन ठिकाणं आली, चौथं छापल्यावर दिसलं. 'ऱ्या' मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, मशीनला निराळे. तेव्हापासून मी 'ऱ्या' असलेला शब्द शोधतच नाही, शेजारचा 'हप्त्याची' शोधते.

फळा_खडू

शहापूर ताईंनी जे वहीत लिहिलंय, त्याचं मोजमाप १९८७ साली झालंय. फर्नास आणि सहकाऱ्यांनी बघितलं की एकाच गोष्टीला दोन माणसं आपापल्या मनानं नाव देतात तेव्हा ते नाव जुळण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. आणि ती माणसं एकाच भाषेत बोलणारी होती! मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो, दर वर्षी हा आकडा फळ्यावर लिहितो.

दुसरं, २००६ मध्ये अँड्र्यू को, ब्रॅड मायर्स आणि सहकाऱ्यांनी दहा अनुभवी प्रोग्रॅमरांना अनोळखी कोडमध्ये दुरुस्त्या करायला दिल्या आणि प्रत्येकाचा पडदा बारकाईनं तपासला. सरासरी ३५ टक्के वेळ निव्वळ फायलींतून इकडून तिकडे जाण्यात गेला. वाचायला नाही, लिहायला नाही. त्यात एकदा बघून झालेली जागा परत शोधणंही आलं. आणि शोधाची सुरुवात बहुतेकदा फसव्या नावावरून झालेली. काटापावतींची 'बिलफायनल' अगदी तीच.

म्हणून नावावर अवलंबून न राहणारा एक रस्ता सांगतो. वाइल्ड आणि स्कली यांनी १९९५ मध्ये मांडला. प्रोग्रॅम दोनदा चालवायचा, एकदा हवं ते काम करून, एकदा ते सोडून बाकी सगळं करून. दोन्ही वेळा कुठल्या ओळी चालल्या त्याची नोंद घ्यायची आणि वजाबाकी करायची. उरतं ते त्या कामाचं. फॉक्सप्रोत 'सेट कव्हरेज' ही कमांड आहे, ती चाललेली प्रत्येक ओळ फायलीच्या नावासकट लॉगमध्ये लिहिते. एका शेतकऱ्याचं बिल वेळेत द्या, तेच बिल २० दिवसांनी द्या. दुसऱ्या लॉगमध्ये जास्तीचं जे आलं, त्यातच व्याज असणार.

निपाणी_ते_बेंगळूर

सर, हे उत्तम. एक भर घालतो. यात फक्त जे चाललं तेच दिसतं. वर्षातून एकदा, हंगाम संपताना चालणारी फाईल राहून जाईल. तेवढं लक्षात ठेवा.

शेतीखाते_निवृत्त

मला प्रोग्रॅममधलं कळत नाही. पण ३१ वर्षं कारखान्याच्या शेती खात्यात काढली, म्हणून एक विचारतो. पोरा, तू 'एफआरपी' असं शोधलंस का?

२००९-१० पर्यंत एफआरपी हा शब्दच नव्हता. त्याआधी एसएमपी होती, किमान वैधानिक दर. २००९ मध्ये आदेश बदलला आणि रास्त व किफायतशीर दर आला, १२९ रुपये ८४ पैसे, ९.५ उताऱ्याला. तुझं सॉफ्टवेअर २००४ चं. ज्यानं लिहिलं त्याच्या डोक्यात एसएमपीच असणार, आणि नंतरच्या माणसानं चालू कोडमधलं नाव कशाला बदलावं?

आणि कागदांचं म्हणशील तर आमच्या वेळी एक रीत होती. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढायचा. क्रमांक, तारीख, कुणाकडून, विषय, कुठल्या फायलीत लावला. पुढे त्या कागदावरून जे काही काम व्हायचं त्यावर तो आवक क्रमांक घालायचो. नोंदवही दाखव म्हणालं की दहा वर्षांपूर्वीचा कागद शिपाई पाच मिनिटांत आणून द्यायचा. तुमच्या कोडवर असा क्रमांक घालत नाहीत का?

काटापावती

काका, अंगावर काटा आला. 'एसएमपी' टाकलं आणि १४ ठिकाणं आली. पावतीच्या रिपोर्टमध्ये मूळ उताऱ्याच्या रकान्याचं नावच 'एसएमपीबेस' आहे. २०२२ मध्ये मी हा शब्द शोधला असता तर तो शेतकरी बाकावर बसलाच नसता. मी ३४ वर्षांचा आहे, एसएमपी हा शब्द कामात कधी ऐकलाच नव्हता.

कोडवर आवक क्रमांक नाही. 'साहेबांनी सांगितल्याप्रमाणे बदल' असे शेरे मात्र सात आहेत.

खानापूर_घाट

जुन्या नावांवरून आठवलं. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. आमच्या वाहतुकीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही स्पेलिंगं आजही आहेत आणि दोन्ही खरी, कारण २०१४ आधीची बिलं जुन्याच नावानं छापली पाहिजेत. जुना शब्द दिसला की लगेच बदलून टाकू नका, आधी तो कुठल्या काळाचा हिशेब धरून बसलाय ते बघा.

उद्यमबाग_वर्कशॉप

आमचं मशीन शॉप आहे, फाउंड्रीवाल्यांकडून कास्टिंग घेऊन मशिनिंग करतो, आणि स्टोअर-प्रॉडक्शनचं सॉफ्टवेअर घरचंच आहे. काकांच्या आवक क्रमांकासारखं आमच्यात ड्रॉइंगचं असतं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजनचा तक्ता, कुठली मिती कधी आणि कशासाठी बदलली. तक्ता न बघता काम सुरू केलं तर जॉब स्क्रॅप.

काटापावती, तुमच्याकडे कोडचा इतिहास नाही असं वाटतंय. गिट (कोडमधला प्रत्येक बदल तारखेसकट जपणारं साधन) वगैरे काही? नसेल तरी इतिहास असतोच. जुन्या झिप कुठेतरी पडल्या असतील, कुठल्याही ऑफिसात असतात. आम्ही काय केलं, सगळ्या झिप तारखेनं लावल्या आणि सगळ्यात जुनीपासून एकेक करून गिटमध्ये चढवल्या. प्रत्येक झिप एक कमिट, म्हणजे एक नोंद, तिला तिची जुनी तारीख. फॉक्सप्रोसाठी 'फॉक्सबिनटूपीआरजी' नावाचं साधन आहे, ते फॉर्म आणि रिपोर्ट साध्या मजकुरात उतरवतं, मग दोन वर्षांतला फरक ओळीनं दिसतो.

त्यातून एक गोष्ट अशी मिळते जी नुसत्या शोधानं मिळत नाही. कुठल्या फायली नेहमी जोडीनं बदलतात. त्यांच्यात एकही शब्द सारखा नसला तरी इतिहास सांगतो की हिला हात लावला की तिलाही लावावा लागतो.

फळा_खडू

बरोबर. २००४ मध्ये झिमरमन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं, आवृत्त्यांच्या इतिहासावरून 'ही फाईल बदललीत, आता ही पण बघा' असं सुचवणारं साधन. झिपमधला इतिहास तुटक असतो, एका कमिटमध्ये पूर्ण वर्षाचे बदल येतात, तेव्हा योगायोगानं बरोबर आलेल्या फायलीही दिसतील. पण ऊसबिलात दर हंगामाला ठरलेले बदल होतात, म्हणून तुमच्या बाबतीत हे चांगलं लागू पडेल.

काटापावती

तीन आठवड्यांनी लिहितोय. सांगण्यासारखं बरंच आहे.

झिप मिळाल्या. काही सर्व्हरवर, काही सीडीवर, एक तर आधीच्या माणसाच्या कपाटात मागे राहिलेल्या पेन ड्राइव्हवर. २००६ पासून १७ झिप, दोन हंगाम गायब. सगळ्या क्रमानं चढवल्या. दर काढायची फाईल अर्थातच दर हंगामाला बदललेली. पावतीचा रिपोर्ट १७ पैकी तीनदाच. आणि एक फॉर्म, नाव 'व्हीएचवाय०२', त्यात 'व्याज' हा शब्द नाही, 'इंटरेस्ट' नाही, 'एसएमपी'ही नाही. हा फॉर्म एवढ्या वर्षांत फक्त दोनदा बदललाय. २००९-१० आणि २०१८-१९.

ही दोन वर्षं बघून मी थांबलो. २००९-१० ला मूळ उतारा ९.५ झाला. २०१८-१९ ला ९.५ चे १० झाले. नुसता दर बदलला त्या एकाही वर्षी या फॉर्मला कुणी हात लावलेला नाही. आधीच्या माणसाला माहीत होतं. ते त्याच्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नव्हतं, आणि २०२० मध्ये तो काम सोडून गेला तेव्हा ते त्याच्याबरोबर गेलं.

फॉर्म उघडला. बटणाच्या कोडमध्ये थकीत रक्कम नव्यानं काढलीय, आणि त्यात मूळ उतारा आजही १०. गेल्या तीन हंगामांत बिलं १४ दिवसांच्या आत गेली, व्याज काढायची वेळच आली नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही. सरांनी सांगितलेली वजाबाकीही केली, २० दिवसांनी बिल दिलं तेव्हा लॉगमध्ये हाच फॉर्म वर आला. इतिहास आणि लॉग दोघांनी एकच जागा दाखवली.

आणखी एक सापडलं, ते मात्र शहापूर ताईंसारखी वही मीही सुरू केली त्यामुळे. 'इळुवरी'वरून. एका टेबलात 'सूत्र' नावाचा रकाना आहे, त्यात गणित अक्षरांत लिहून ठेवलंय आणि चालताना मॅक्रोनं ते वाचून हिशेब होतो. आगाऊ रकमेच्या अंदाजासाठी. कोडमध्ये कितीही शोधा, ते मिळणार नाही, कारण ते कोडमध्ये नाहीच, डेटात आहे. तिथे अजून ९.५ होते.

आता मूळ उतारा एकाच टेबलात, हंगामाप्रमाणे एक ओळ. चारही ठिकाणं तिथूनच वाचतात. जुन्या हंगामांच्या ओळी तशाच ठेवल्यात, खानापूरकरांनी सांगितल्याप्रमाणे. २०२४-२५ चं ताडून बघितलं. ३४० रुपये, १०.२५ उतारा, वर ०.१ टक्क्याला ३.३२, आणि ९.५ किंवा त्याखाली असेल तर ३१५.१०. पावती, बँक यादी, व्याज, अंदाज, चारही पैशापर्यंत जुळले.

काका, एक विनंती आहे. २०१८ चं मूळ उतारा बदलल्याचं परिपत्रक शेती खात्याच्या आवक नोंदवहीत कुठे सापडेल?

शेतीखाते_निवृत्त

२०१८ च्या जुलै ते ऑक्टोबरची पानं बघ. दर जाहीर झाला की तेव्हाच कागद यायचा. नोंदवही रेकॉर्ड रूममध्ये दरवाजामागच्या मांडणीत, लाल कापडी पुठ्ठ्याची. फाईल 'ऊसदर – केंद्र' या नावाची असेल, 'एफआरपी' नावानं शोधू नकोस.

शहापूर_माग

दादा, तुमच्या वहीतलं 'उतारा' समोरचं पान इथे टाकाल का? आमच्या गल्लीतला एक मुलगा गोकाककडच्या कारखान्यात हेच काम करतोय, त्याला दाखवते.

काटापावती

ताई, हे पान. उतारा: रिकव्हरी, आरईसी, उतारा (रोमनमध्ये शेवटी एक 'ए' आणि दोन 'ए', दोन्ही), यूटीआर, इळुवरी, आयएलव्ही, एसएमपीबेस, एफआरपीबेस, बेस१, आणि जुन्या फॉन्टमधला तो गिचमिडा, तो इथे उमटणार नाही, मुलाला फोटो पाठवतो.

काका, नोंदवही लाल नाही, आता तपकिरी झालीय, पण त्याच मांडणीत होती. कागद ऑगस्टच्या पानावर सापडला. टेबलातल्या २०१८-१९ च्या ओळीपुढे एक नवा रकाना केलाय, 'आवक क्रमांक'. पहिला क्रमांक आज भरला. २००९ चा उद्या शोधतो, रेकॉर्ड रूमची किल्ली साडेपाचला परत द्यावी लागते.